न मागता मिळणारा वकील

या मालेत आपण रोजच्या व्यवहारातल्या एखाद्या संस्थेमागची कल्पना शोधतो, ती कुठून आली आणि वाटेत तिचं काय झालं ते बघतो. आज आम्ही निवडलेली संस्था आहे ती सरकारी खर्चाने मिळणाऱ्या वकिलाची. तालुक्याच्या कोर्टाच्या आवारात ‘विधी सेवा समिती’ अशी पाटी असते. त्या पाटीखालून आपण अनेकदा गेलेलो असतो, आत मात्र फारसे गेलेलो नसतो. ती पाटी तिथे कशी आली, हा आजचा प्रश्न. त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे आणि आम्हाला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो: एखादा हक्क मागावा लागत असेल, तर ज्याला तो हक्क आहे हेच ठाऊक नाही, त्याचं काय?

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ असं आपल्याकडे म्हणतात. म्हण अनुभवातून आलेली आहे, खोटी नाही. पण ती कोणाला उद्देशून आहे, बघा. ज्याला पायरी चढायची की नाही हे ठरवता येतं, त्याला. बांधावरून भावाशी भांडण झालं, घरमालकाशी बिनसलं, तर माणूस विचार करू शकतो की जाऊ दे, नको ती कोर्टकचेरी. ज्याला पोलीसच हाताला धरून पायरी चढवतात, त्याला हा सल्ला काय उपयोगाचा? नवऱ्याने घराबाहेर काढलेल्या बाईला, भरपाई न मिळालेल्या अपघातग्रस्ताला, कामावरून काढलेल्या कामगाराला ही म्हण सांगायची म्हणजे ‘सोसा’ असंच सांगायचं. तेव्हा शहाणपणाची ही म्हण ज्यांच्याजवळ निवड आहे त्यांची आहे. आपण आज बोलणार आहोत ते निवड नसलेल्यांविषयी.

सुरुवात एका शब्दापासून करू. आपल्यातल्या वयस्कर मंडळींना शाळेतली ‘नादारी’ आठवत असेल. फी भरण्याची ऐपत नाही असा दाखला दिला की फी माफ व्हायची, आणि अशा मुलाला ‘नादार’ म्हणायचे. हाच विचार कोर्टातही होता. १९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत तेहतिसावा आदेश आहे. त्यानुसार, ज्याला दाव्याची कोर्ट फी भरता येत नाही त्याला ‘पॉपर’ म्हणून, म्हणजे आपल्या भाषेत नादार म्हणून, दावा लावता येई. त्यासाठी आधी तशी परवानगी मागायची, आपल्या मालमत्तेची यादी द्यायची, आणि आपण खरोखर गरीब आहोत हे न्यायालयाला पटवायचं. समोरचा पक्ष ‘हा काही नादार नाही’ म्हणून हरकत घेऊ शकत असे. म्हणजे मूळ भांडणाच्या आधी गरिबीचाच एक छोटा खटला. आणि हे सगळं करून मिळे काय, तर फी भरण्यातून सूट. वकील मिळत नसे. १९७६च्या दुरुस्तीने ‘पॉपर’ हा शब्द जाऊन ‘निर्धन व्यक्ती’ आली आणि अशा व्यक्तीला वकील नेमून देण्याची तरतूदही आली. ती येईपर्यंत अडुसष्ट वर्षं गेली होती.

इथे आम्हाला तत्त्वज्ञानाचा थोडा आधार घेऊ द्या. कांट या जर्मन तत्त्वज्ञाने कर्तव्यांचे दोन प्रकार केले, पूर्ण आणि अपूर्ण. घेतलेलं कर्ज फेडणं हे पूर्ण कर्तव्य. कोणाला द्यायचं आणि किती द्यायचं हे ठरलेलं असतं, तिथे आपल्या मर्जीला जागा नाही. गरजूला मदत करणं हे अपूर्ण कर्तव्य. मदत करायला तर हवी, पण कोणाला, केव्हा आणि किती, हे देणाऱ्यावर सोडलेलं असतं. दान देणारा मनाचा कितीही मोठा असला तरी घेणाऱ्याला त्याच्यावर दावा सांगता येत नाही. सरकारी खर्चाने वकील देणं हे यातलं कोणतं कर्तव्य? भारतातल्या विधी साहाय्याचा इतिहास म्हणजे या एका प्रश्नाचं उत्तर बदलत जाण्याचा इतिहास आहे, असं आम्ही म्हणू.

पहिला टप्पा दानाचा, आणि तो आपल्या मुंबईत सुरू होतो. १९२४ साली तिथे ‘बॉम्बे लीगल एड सोसायटी’ स्थापन झाली. गरिबांना कायद्याची मदत देणारी भारतातली पहिली संघटित संस्था म्हणून तिचं नाव घेतलं जातं. वकील मंडळींनी आपला वेळ द्यावा आणि गरजूंचं काम करावं, असा हा प्रयत्न होता. त्याला कमी लेखायचं कारण नाही. मात्र तो अपूर्ण कर्तव्याच्या चौकटीतला होता. वकिलाला वेळ असला तर मदत मिळणार, नसली तर नाही.

पुढचं वर्ष लक्षात ठेवा, १९४९. त्या वर्षी इंग्लंडमध्ये विधी साहाय्याचा कायदा झाला, आणि वकिलाचा खर्च सरकारी तिजोरीतून देण्याची पद्धत तिथे उभी राहू लागली. त्याच वर्षी मुंबई सरकारच्या समितीने या प्रश्नावर अहवाल तयार केला. समितीचे अध्यक्ष होते न्यायमूर्ती एन. एच. भगवती. तालुक्यापासून राज्यापर्यंत पायरीपायरीने रचना उभी करावी, असं तिने सुचवलं. आणि त्याच वर्षी, २६ नोव्हेंबरला, आपण राज्यघटना स्वीकारली. तिन्ही गोष्टी एकाच वर्षातल्या. लंडनच्या कायद्याची अंमलबजावणी सुरू झाली. मुंबईचा अहवाल मात्र बराच काळ कागदावर राहिला, पैसा नाही हे त्याचं नेहमीचं कारण.

मग घटनेत काय होतं? अनुच्छेद २२ म्हणतो की अटक झालेल्या माणसाला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा आणि त्याच्यामार्फत बचाव करण्याचा हक्क नाकारता येणार नाही. वाक्य नीट ऐका. ‘नाकारता येणार नाही.’ तुम्ही वकील आणलात तर सरकार त्याला दारात अडवणार नाही, एवढंच इथे सांगितलं आहे. आणायला पैसे नसतील तर काय, यावर हा अनुच्छेद काही बोलत नाही. दार उघडं आहे, पण दारापर्यंत येण्याचं भाडं ज्याचं त्याने द्यायचं.

या मौनाची किंमत किती असते, हे १९५१च्या एका निकालात दिसतं. जनार्दन रेड्डी विरुद्ध हैदराबाद राज्य असं त्या प्रकरणाचं नाव. तेव्हाच्या हैदराबाद राज्यात आपला मराठवाडाही होता, पण हे प्रकरण तेलंगणातल्या शेतकरी उठावाच्या काळातलं. आरोपींवर विशेष न्यायाधिकरणांपुढे खटले चालले आणि त्यांना फाशीची शिक्षा झाली. आपल्याला वकीलच मिळाला नव्हता, अशी तक्रार घेऊन ते सर्वोच्च न्यायालयात आले. न्यायाधिकरणाने वकील नेमायला पुढाकार घ्यायला हवा होता, हे न्यायालयाला मान्य होतं. पण वकील नव्हता एवढ्यावरून खटला आपोआप बाद ठरत नाही, असा निर्णय झाला. त्याच वर्षी ताराच्या नावाने नव्हे, तारासिंग नावाच्या आरोपीच्या प्रकरणातही न्यायालयाने सांगितलं की वकिलामार्फत बचावाची सोय हा आरोपीला दिलेला अधिकार आहे, आणि तो हवा असेल तर आरोपीने मागायला हवा. हा ‘मागायला हवा’ शब्द आपण बाजूला काढून ठेवू. पुढची पस्तीस वर्षं या शब्दाभोवती फिरणार आहेत.

१९५८ साली विधी आयोगाचा चौदावा अहवाल आला. अध्यक्ष होते मो. चि. सेटलवाड, मुंबईचेच नामवंत कायदेपंडित आणि देशाचे पहिले महान्यायवादी. गरिबाला विधी साहाय्य देणं ही प्रक्रियेतली किरकोळ बाब नाही, हा मूलभूत प्रश्न आहे, अशी त्या अहवालाची भूमिका होती. तरी गाडी हलायला सत्तरचं दशक उजाडलं. गुजरातमध्ये न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांच्या समितीने १९७१ साली अहवाल दिला. हे मुंबईच्या समितीचे अध्यक्ष एन. एच. भगवती यांचे चिरंजीव. वडिलांचं अपुरं राहिलेलं काम मुलाने हाती घेतलं, असं म्हणायला हरकत नाही. १९७३ साली केंद्राच्या समितीचा अहवाल आला, त्याचे अध्यक्ष न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर. त्याच वर्षीच्या नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३०४ आलं: सत्र न्यायालयातल्या खटल्यात आरोपीला वकील नसेल आणि ऐपतही नसेल, तर न्यायालयाने सरकारी खर्चाने वकील द्यावा. आणि १९७६ साली बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-क घटनेत दाखल झाला. आर्थिक किंवा अन्य दुबळेपणामुळे कोणी न्यायाच्या संधीला मुकू नये, म्हणून राज्याने मोफत विधी साहाय्य द्यावं, असं तो सांगतो.

ही दुरुस्ती आणीबाणीतली. नागरिकांचे हक्क सर्वांत जास्त आवळले गेले त्या काळात गरिबाच्या हक्काचं हे वाक्य घटनेत आलं, हा इतिहासातला विरोधाभास नोंदवून पुढे जाऊ. दुसरी गोष्ट अशी की हा अनुच्छेद मार्गदर्शक तत्त्वांमध्ये आहे. मार्गदर्शक तत्त्व मोडलं म्हणून थेट न्यायालयात जाता येत नाही. म्हणजे कर्तव्य अजूनही अपूर्णच.

ते पूर्ण झालं १९७८ आणि १९७९ या दोन वर्षांत, आणि त्याची पहिली पायरी महाराष्ट्राच्या एका खटल्याची आहे. होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य. विद्यापीठाच्या बनावट प्रमाणपत्रांचं प्रकरण. सत्र न्यायालयाने नाममात्र शिक्षा दिली होती, मुंबई उच्च न्यायालयाने ती वाढवून तीन वर्षं केली. आरोपी सर्वोच्च न्यायालयात आला तो चार वर्षांहून जास्त उशिराने. त्याचं म्हणणं असं की तुरुंगात असताना निकालाची प्रत आपल्या हाती पडलीच नाही. तुरुंगाचं म्हणणं, दिली. पण प्रत मिळाल्याची त्याची सही कुठेच नव्हती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी आरोपीचा अर्ज फेटाळला, त्याच्या बाजूने ठोस काही नव्हतं. मात्र जाताजाता त्यांनी जे सांगितलं ते टिकलं. कैद्याला निकालाची प्रत वेळेत आणि मोफत मिळाली पाहिजे, मिळाल्याची सही घेतली पाहिजे, आणि अपील करायला वकील नसेल तर तो दिला पाहिजे. हे राज्याचं कर्तव्य आहे, सरकारची कृपा नाही. त्याच वर्षी आधी मनेका गांधी प्रकरणात ठरलं होतं की अनुच्छेद २१ खाली माणसाचं स्वातंत्र्य हिरावून घेणारी प्रक्रिया न्याय्य आणि वाजवी असली पाहिजे. होसकोट निकालाने पुढचा प्रश्न विचारला: ज्याला कायदा कळत नाही त्याला एकटं उभं करणारी प्रक्रिया वाजवी कशी?

१९७९च्या जानेवारीत इंडियन एक्स्प्रेसमध्ये के. एफ. रुस्तमजी यांचे लेख आले. रुस्तमजी तेव्हा राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सदस्य होते. बिहारच्या तुरुंगांतल्या कच्च्या कैद्यांविषयी त्यांनी लिहिलं. ज्या गुन्ह्याला जास्तीत जास्त जेवढी शिक्षा होऊ शकते, त्याहून जास्त काळ काही माणसं खटला न चालताच आत होती. लेख वाचून कपिला हिंगोरानी या वकील बाईंनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. तीच हुसैनारा खातून प्रकरण म्हणून ओळखली जाते. न्यायमूर्ती भगवतींच्या पीठाने ९ मार्च १९७९ च्या निकालात म्हटलं की मोफत विधी सेवा हा वाजवी प्रक्रियेचा आवश्यक भाग आहे, म्हणून तो अनुच्छेद २१ मध्येच सामावलेला आहे. आता हा मूलभूत हक्क झाला. कर्ज फेडण्यासारखं पूर्ण कर्तव्य.

पण बाजूला काढून ठेवलेला तो शब्द अजून शिल्लक होता. भागलपूरमध्ये पोलिसांनी संशयित आरोपींचे डोळे फोडले, हे प्रकरण आपल्याला आठवत असेल. ते सर्वोच्च न्यायालयात खत्री विरुद्ध बिहार राज्य म्हणून आलं. त्यात असं दिसलं की या माणसांना मॅजिस्ट्रेटपुढे हजर केलं गेलं तेव्हा बहुतेकांना वकील दिला नव्हता. का दिला नाही? तर त्यांनी मागितला नाही म्हणून. ज्याचे डोळे गेले आहेत, ज्याला कायद्याचं अक्षर माहीत नाही, त्याने आधी योग्य शब्दांत अर्ज करायचा! न्यायालयाने स्पष्ट केलं की मॅजिस्ट्रेटनेच आरोपीला सांगायचं आहे की तुला सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो. आणि हा हक्क खटल्याच्या वेळी सुरू होत नाही, आरोपीला पहिल्यांदा हजर केलं जातं तिथपासून सुरू होतो. ‘आमच्याकडे पैसे नाहीत’ ही सबब राज्याला देता येणार नाही, हेही त्यातच आहे. १९४९च्या अहवालाला ज्या कारणाने फडताळात ठेवलं गेलं, ते कारण इथे संपलं.

शेवटचं पाऊल १९८६चं, अरुणाचल प्रदेशातलं. सुक दास हा सरकारी कर्मचारी. अभियंत्याला धमकी दिल्याच्या आरोपावरून त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली. वकील नव्हता, साक्षीदारांची उलटतपासणी त्याला नीट करता आली नाही. उच्च न्यायालय म्हणालं, त्याने अर्ज केला नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. या देशात बहुसंख्य लोकांना आपले हक्क माहीत नाहीत, त्यांनी मागितलं नाही म्हणून हक्क नाकारला तर तो हक्क केवळ नावापुरता उरेल, असा त्या निकालाचा आशय. १९५१ला ‘मागायला हवा’ होतं, १९८६ला ‘न मागताही द्यायला हवा’ झालं. अमेरिकेत गिडियन नावाच्या आरोपीने तुरुंगातून पेन्सिलीने अर्ज लिहिला आणि १९६३ साली वकिलाचा हक्क मिळवला, ही कथा जगभर सांगतात. होसकोट निकालातही तिचा उल्लेख आहे. पण गिडियनला काय मागायचं हे ठाऊक होतं. आपल्याकडचा प्रश्न, ज्याला तेवढंही ठाऊक नाही, त्याचा होता.

मुंबईचं एक प्रकरण या ओघात सांगायलाच हवं. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईतल्या तुरुंगातल्या स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या आणि सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. पंधरा जणींपैकी पाच जणींनी कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं होतं. न्यायालयाने ते पत्रच याचिका मानलं. १९८३च्या निकालात आदेश दिले ते असे: स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या आणि तिथे महिला पोलीस, अटक झाली की विधी साहाय्य समितीला लगेच कळवणं, आणि मॅजिस्ट्रेटने आरोपीला छळाविषयी स्वतःहून विचारणं. इथे वकिलाचं दुसरं काम लक्षात येतं. वकील फक्त युक्तिवाद करत नाही. कोठडीत काय चाललं आहे हे पाहणारे बाहेरचे डोळेही तोच असतो.

आता ही सगळी तत्त्वं जमिनीवर आणणारा कायदा: १९८७चा विधी सेवा प्राधिकरण अधिनियम. संमत झाला १९८७ साली, पण अमलात आला ९ नोव्हेंबर १९९५ रोजी. म्हणून ९ नोव्हेंबर हा विधी सेवा दिन. देशपातळीवर राष्ट्रीय प्राधिकरण, राज्यात राज्य प्राधिकरण, जिल्ह्यात जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरण, आणि खाली तालुका समिती. मुंबईच्या १९४९च्या अहवालातल्या पायऱ्या अशा सेहेचाळीस वर्षांनी उभ्या राहिल्या.

यात कोण बसतं, हे नीट ऐकून ठेवा, कारण पुष्कळ गैरसमज इथेच आहेत. स्त्रिया आणि मुलं, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार, आपत्तीग्रस्त, मानवी तस्करीला किंवा वेठबिगारीला बळी पडलेले, आणि कोठडीत किंवा तुरुंगात असलेली कोणतीही व्यक्ती. या सर्वांना उत्पन्नाची अट नाही. उत्पन्नाची मर्यादा लागते ती या यादीत न बसणाऱ्यांना. आणि उत्पन्नासाठी साधारणपणे स्वतःचं प्रतिज्ञापत्र पुरतं. नादाराला गरिबीचा खटला लढवावा लागे, तो काळ निदान कायद्याच्या पुस्तकात तरी संपला. वकिलाची फी, कोर्ट फी, कागदपत्रांच्या प्रती, भाषांतर, हा खर्च प्राधिकरण करतं. दिवाणी प्रकरणात दाव्यात सकृद्दर्शनी तथ्य आहे का, एवढं मात्र बघितलं जातं.

‘न्यायालय’ या शब्दाच्या व्याख्येत या कायद्याने न्यायाधिकरणंही घेतली आहेत. ही गोष्ट महत्त्वाची का, ते सांगतो. न्यायाधिकरणांची कल्पनाच अशी होती की न्याय जवळ यावा, सोपा व्हावा, तांत्रिकपणा कमी असावा. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात तर कामगार न्यायालयापुढे वकील आणायचा तर दुसऱ्या पक्षाची संमती आणि न्यायालयाची परवानगी लागत असे. १९८४च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यातही वकील हा हक्क म्हणून मिळत नाही. हेतू चांगला. वकील नसले की दोन्ही बाजू सारख्या होतील. पण तसं होतं का? कंपनीकडे पगारी अधिकारी असतो, ज्याचा दिवस याच कामात जातो. विमा कंपनीला अपघात दाव्यांची सवय असते. समोर जो असतो त्याच्या आयुष्यातला तो पहिला आणि बहुधा शेवटचा दावा. वकील काढून टाकल्याने माहितीतली दरी बुजत नाही, कधीकधी ती फक्त दिसेनाशी होते. म्हणून साधेपणा हा मदतीला पर्याय नाही, हे न्यायाधिकरणांच्या इतिहासातून शिकायचं.

लोक अदालतीचंही तसंच. १९८२ साली गुजरातेत जुनागढ जिल्ह्यातल्या उना इथे पहिली भरली असं मानतात. आज प्रलंबित प्रकरणं मिटवण्याचा तो मोठा मार्ग आहे. तडजोड झाली तर भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि त्या निवाड्यावर अपील नसतं. इथेच सावध राहायला हवं. तडजोड म्हणजे संमती, आणि समजून दिलेली संमती. लोक अदालतीला दोघांच्या संमतीशिवाय निवाडा लादण्याचा अधिकार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली जालोर सिंग प्रकरणात बजावलं आहे. हातात पैसे नाहीत, घरी चूल थंड आहे, अशा माणसाला आज मिळणारे थोडे पैसे उद्याच्या न्याय्य भरपाईपेक्षा मोठे वाटतात. तेव्हा त्याच्या शेजारी सल्ला देणारं कोणी असणं जास्तच गरजेचं.

आता एक आक्षेप. व्याख्यानानंतर हमखास विचारतात: आमच्या करातून गुन्हेगाराला वकील कशाला? हा प्रश्न टाळू नये. त्याचं सर्वांत कठीण उदाहरण मुंबईचंच आहे. २००८च्या दहशतवादी हल्ल्यातल्या अजमल कसाबचं. त्याच्या अपिलाचा निकाल देताना २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने फाशी कायम केली, आणि त्याच निकालात मॅजिस्ट्रेटांना आदेश दिला की पहिल्या हजेरीच्या वेळी आरोपीला वकिलाच्या हक्काची पूर्ण जाणीव करून द्या, यात कुचराई केली तर खातेनिहाय कारवाई होईल. शिक्षा आणि वकील यांत न्यायालयाला विसंगती दिसली नाही. वकील आरोपीला सोडवायला देत नाहीत. निकालावर आपल्याला विश्वास ठेवता यावा म्हणून देतात. एक बाजू ऐकून दिलेला निकाल खरा असेलही, पण तो खरा आहे हे कळायचा मार्ग आपण बंद केलेला असतो. काही ठिकाणी वकील संघटना ‘अमक्याचं वकीलपत्र घ्यायचं नाही’ असे ठराव करतात. २०१० साली मोहम्मद रफी प्रकरणात असे ठराव बेकायदा ठरवले गेले, त्यामागेही हाच विचार आहे.

मग सगळं छान झालं का? नाही. कायद्याच्या उद्देशिकेत ‘मोफत आणि सक्षम’ विधी सेवा असे दोन शब्द आहेत. पहिला शब्द आपण बऱ्यापैकी कमावला, दुसऱ्याची वाट अजून बघतो आहोत. मध्य प्रदेशातलं अनोखीलाल प्रकरण बघा. २०१३ साली १९ फेब्रुवारीला त्याच्यासाठी विधी सेवेतून वकील नेमला गेला आणि त्याच दिवशी दोषारोप ठेवले गेले. ४ मार्चला दोषी ठरवून फाशीची शिक्षा सुनावली गेली. मधे तेरा दिवस. वकील होता, पण कागद वाचायला, आरोपीशी बोलायला वेळ होता का? २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द करून खटला पुन्हा चालवायला सांगितला, आणि नियम घालून दिला: फाशी किंवा जन्मठेप होऊ शकते अशा खटल्यात नेमायच्या वकिलाचा किमान दहा वर्षांचा अनुभव हवा, आणि तयारीला साधारण किमान सात दिवस हवेत. २०२२पासून जिल्ह्याजिल्ह्यांत पूर्णवेळ बचाव वकिलांची कार्यालयं सुरू झाली. सरकारी बाजूला जसे ठरलेले वकील असतात तसे बचावाच्या बाजूलाही असावेत, हा त्यामागचा विचार. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४१ ने सरकारी खर्चाच्या वकिलाची तरतूद सत्र न्यायालयापुरती न ठेवता इतर न्यायालयांतले खटले आणि अपिलं यांनाही लागू केली.

तरी आमच्या सुरुवातीच्या प्रश्नाकडे बघा. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुहास चकमा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की पोलीस ठाणी, टपाल कार्यालयं, बस स्थानकं, रेल्वे स्थानकं अशा ठिकाणी विधी सेवा कार्यालयाचा पत्ता आणि फोन क्रमांक ठळक लावा. हुसैनारा निकालाला तेव्हा पंचेचाळीस वर्षं होऊन गेली होती. हक्क न मागता मिळायला हवा हे ठरलं, पण तो आहे हे सांगायचं काम अजून बाकी आहे. आणि ते फक्त मॅजिस्ट्रेटचं काम नाही. पूर्ण कर्तव्य राज्याचं, हे मान्य. शेजारच्या बाईला तालुका कोर्टातली ती पाटी दाखवणं, आतपर्यंत सोबत जाणं, हे आपलं अपूर्ण कर्तव्य आहे, आणि कांटच्या मते अपूर्ण असलं तरी ते कर्तव्यच असतं.

राष्ट्रीय प्राधिकरणाचा मदत क्रमांक १५१०० आहे. लिहून घ्या, आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांना पाठ करून द्या. आता तुमचे प्रश्न घेऊ.